आठ दिवसांच्या बोलीवर

गेल्या महिन्यात सेलूच्या स्टेशन रोडवरच्या सोडावाल्याने दुकानाला नवं शटर बसवलं आणि जुना बोर्ड भंगारात घातला. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. हातगाडीवर टाकलेल्या त्या पत्र्याच्या खालच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत एक सही होती. एवढ्या लांबून ती दिसणं शक्य नव्हतं, पण ती तिथे आहे हे मला माहीत होतं. ‘लिंबाजी, सेलू.’ एवढंच. आडनाव नाही.

त्यांच्या हातचा गावातला तो शेवटचा बोर्ड. आता सेलूत त्यांचं अक्षर उरलं नाही, आणि ते न उरण्यात माझा हात आहे. ही गोष्ट मी बायकोलासुद्धा कधी धड सांगितली नाही. सांगायला बसलो की पंपाच्या वायसरचं काहीतरी काम आठवायचं.

लिंबाजी पेंटर माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठे. आज मी ‘ते’ लिहितोय, पण तेव्हा त्यांना अरेतुरे करायचो आणि ते मला अहोजाहो करायचे. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं, असं लिहिणार होतो. पण त्यांना काय दिसत होतं हे मी कधी विचारलं नाही. मला दिसत नव्हतं, एवढंच खरं.

कापसाच्या मार्केटकडे जाताना डाव्या हाताला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. आत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली लाकडी घोड्यावर आडवा ठेवलेला बोर्ड, आणि टर्पेंटाइनचा वास. माणूस उंच, किडकिडीत. बोलणं कमी. रंग जमलाय का हे ते स्वतःच्या डाव्या हातावर, कोपराच्या आतल्या अंगाला एक फटकारा मारून बघायचे. त्यामुळे संध्याकाळपर्यंत हातावर पट्टे उमटलेले असायचे. चहाच्या टपरीवर आले की लोक हात बघून सांगायचे, आज हिरवा हाय, कुणाचं तरी खताचं दुकान निघायलंय. ते हसून बाही खाली ओढायचे. गिऱ्हाइकाचं नाव उद्घाटनाआधी फुटू नये म्हणून.

कारण नाव ही त्यांच्या लेखी मोठी वस्तू होती. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची एक वही होती. तीत हिशेब नव्हते, नावं होती. सेलूत एकदा एका दुकानाला दिलेलं नाव ते दुसऱ्या दुकानाला द्यायचे नाहीत. असा काही कायदा नव्हता. गावात दुसरे दोन पेंटर होते, ते मागेल ते लिहून द्यायचे. पण लोकांनी लिंबाजींची वही मानली होती. नवं दुकान काढणारा माणूस ब्राह्मणाकडून मुहूर्त काढायच्या आधी यांच्याकडे येऊन विचारायचा, अमुक नाव मोकळं आहे का. मोकळं असेल तर ते वहीत लिहायचे आणि आठ दिवस धरून ठेवायचे.

एकदा जिनिंगवाल्या एका शेठजींनी ‘प्रभात’ हे नाव मागितलं. ते बाबूखाँच्या चहाच्या हॉटेलाचं होतं, चार बाकड्यांचं हॉटेल. शेठजी म्हणाले, दुप्पट पैसे देतो, त्या चहावाल्याला दुसरं काहीतरी लिहून दे. लिंबाजी म्हणाले, नाव मोकळं झालं की कळवतो. तीन वर्षांनी बाबूखाँनी हॉटेल बंद करून मुलाकडे परभणीला जायचं ठरवलं. त्या दिवशी लिंबाजी सायकल मारत जिनिंगवर गेले आणि मुनीमजींना सांगून आले, “शेठजीला म्हनावं, प्रभात मोकळं झालंय.” शेठजींच्या नव्या जिनिंगला वेगळं नाव लागून दोन हंगाम उलटले होते. मार्केटमध्ये आठवडाभर हसले लोक. बाबूखाँचं जाणं लांबलं आणि हॉटेलही चालूच राहिलं, तेव्हा लिंबाजी पुन्हा जिनिंगवर गेले. प्रभात परत गुतलं म्हणून सांगायला.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची बोली. बोर्ड नेल्यापासून आठ दिवसांत आवडला नाही तर पैसे परत. आणि रंग उडाला तर कधीही, वर्षांनीसुद्धा. कारण विचारायचे नाहीत. हमीद टेलरच्या बायकोला बोर्डातला जांभळा रंग बघवेना, सातव्या दिवशी बोर्ड परत आला. पैसे दिले. एका फोटोग्राफरने उद्घाटनापुरता बोर्ड लावला, पाहुण्यांसमोर मिरवला आणि आठव्या दिवशी आणून टेकवला. पैसे दिले. तेव्हा त्यांची बायको गयाबाई आतून प्रायमर घोटता घोटता म्हणाली, कारण तरी इचारा त्या भाड्याला.

“कारन इचारलं की मानूस खोटं बोलतंय,” ते म्हणाले. “पैसे तर द्यायचेच हायेत. वरून खोटं कशाला बोलायला लावू?”

गयाबाईला हे पटलेलं नव्हतं. ती ठेंगणी, काळीसावळी, जिभेने धारदार बाई होती. पत्रा घासणं, लाल प्रायमर मारणं, चौकट ठोकणं ही सगळी कामं तिची. अक्षर तेवढं त्यांचं. बोर्ड परत आला की तो घासून कोरा करण्याची पाळी तिच्यावर यायची. ती म्हणायची, ह्यांची दानत आन माझं मनगट.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी सेलूत दुकान टाकलं. आम्ही झरीचे. माझे चुलते, आबा, यांनी जमिनीच्या उत्पन्नातून भांडवल दिलं. पंप, पाइप, इंजिनाचे सुटे भाग. मला ‘किसान’ हे नाव हवं होतं. लिंबाजींनी वही उघडलीसुद्धा नाही. किसान गेलंय म्हणाले, दोन वर्षांपूर्वी. मी चार नावं सांगितली, चारही गेलेली. मग त्यांनी विचारलं, विकणार काय? पंप म्हणालो. थोडा वेळ ते पत्र्याकडे बघत बसले आणि म्हणाले, “पाटपाणी ठिवा.”

पाटपाणी मशिनरी स्टोअर्स. आजही ते नाव मनात उच्चारलं की बरं वाटतं. नाव शोधून दिल्याचे त्यांनी काही घेतले नाहीत. बोर्डाचे पंच्याऐंशी रुपये फक्त.

त्यांची एक पद्धत होती. नाव लिहून झालं तरी वरची रेघ ते ओढायचे नाहीत. अक्षरं रात्रभर तशीच, डोक्यावर छप्पर नसल्यासारखी. सकाळी गिऱ्हाइकाने येऊन ती मोठ्याने वाचायची. ज्याला वाचता येत नसेल त्याने अक्षरांवरून नुसतं बोट फिरवायचं. मग रेघ. मी गेलो आणि पुटपुटत वाचलं, तर म्हणाले, “आनखी एकदा. गिऱ्हाईक रस्त्याच्या पल्याडून वाचनार हाय.” मी ओरडून वाचलं. गयाबाई आतून हसली. त्यांनी श्वास रोखला, एक डोळा मिटला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हात न उचलता रेघ ओढली.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने माझ्या धंद्यातले सगळ्यात चांगले. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. फार बोलणं व्हायचं नाही. ते लिहायचे, मी बघायचो. त्यांचंच बघून मीही दुकानात बोली लावली की वायसर, बेअरिंग खराब निघालं तर आणून द्या, बदलून नाहीतर पैसे परत. आबा म्हणाले, दुकान टाकलंस का धर्मशाळा. पण गिऱ्हाईक यायला लागलं. नंतर कळलं की खेड्यातून बोर्ड करायला येणाऱ्यांना लिंबाजी सांगायचे, पंपाचं सामान त्या नव्या पोराकडून घ्या, खराब निघालं तर मुकाट परत घेतंय.

मग पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे आणि ज्यांच्यावर झालं त्यांनी ते सांगावं, मी सांगणं बरं नव्हे. घरं जळाली. माणसं गेली. सेलू काही दिवस बंद होतं. बाजार उघडला तेव्हा लोक तेच होते, पण एकमेकांकडे बघायची रीत बदलली होती.

एके सकाळी आबा झरीहून आले. बरोबर आजूबाजूच्या गावचे दोघं होते, माझी चांगली गिऱ्हाइकं. दुकानात न शिरता बाहेरच उभे राहिले. आबांनी काठी वर करून बोर्डाचा कोपरा दाखवला.

“हे कुनाचं नाव हाय?”

पेंटरची सही आहे, मी म्हणालो.

“त्याच्या नावाखालून आमी आत यायचं व्हय? त्येवढं पुसून टाक, न्हाईतर पत्रा काढ. दोन्ही जमत नसलं तर माझं भांडवल काढ.”

ते ओरडले नाहीत. आबा कधी ओरडत नसत. बाकीचे दोघं जमिनीकडे बघत होते. मला वाटतं त्यांनाही ते जड जात होतं, पण आडवं कुणी बोललं नाही. मीही नाही.

ते गेल्यावर मी स्टूल घेऊन वर चढलो, हातात रॉकेलचा बोळा. सही पुसायला हात धजला नाही. खाली उतरलो. पत्रा काढून आत ठेवला असता तरी भागलं असतं. आबांना तेवढंच हवं होतं. लिंबाजींना सांगितलं असतं की असं असं झालं, तर ते एक अक्षर बोलले नसते. पण माझ्या डोक्यात पंच्याऐंशी रुपये आले. आठ दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती. राहिली दुसरी बोली, रंग उडाल्याची.

दुपारी दुकानाचं दार आतून लावून मी करवतीच्या ब्लेडचा तुकडा घेतला आणि त्यांच्या अक्षरांवरून फिरवला. रंग सुटेना. इतका पक्का बसलेला होता की जोर लावावा लागला. पत्र्यावर ब्लेड घासल्याचा आवाज दातांत गेला. तीन ठिकाणी खरवडलं आणि जुनं वाटावं म्हणून वरून माती चोळली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आबांनी फक्त पत्रा काढ म्हटलं होतं. ब्लेड माझं होतं.

हातगाडीवर बोर्ड टाकून मार्केटकडे गेलो. लिंबाजींच्या दुकानात तेव्हा एक किराणावाला आणि शाळेचा कारकून बसले होते. मला वाटलं होतं ते एकटे असतील. एकटे असते तर कदाचित खरं बोललो असतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आता तेही सांगत नाही.

“पेंटर,” मी म्हणालो, बसलेल्या दोघांना ऐकू जाईल असं, “दोन महिन्यांत रंग उडायला लागला की तुझा.”

त्यांनी कारण विचारलं नव्हतं. विचारणारही नव्हते.

त्यांनी बोर्ड घोड्यावर आडवा घेतला. खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, एकदा, सावकाश. माती फुंकून टाकली. गयाबाई दारात आली, तिने पत्रा बघितला आणि तोंड उघडलं, तर त्यांनी नुसता हात वर केला. मग डबा उघडून पंच्याऐंशी रुपये माझ्या हातात दिले आणि लाल वही काढली.

“भाऊ, नाव काढू का वहीतून?”

मी म्हणालो, काढ.

त्यांनी पाटपाणीवर रेघ मारली. हात हलला नाही.

तो किराणावाला दुसऱ्याच दिवशी स्वतःचा बोर्ड घेऊन आला. चार वर्षांचा जुना बोर्ड. रंग उडालाय म्हणाला. त्यालाही कुणीतरी येऊन सही दाखवली असणार, आणि काय करावं हे त्याला माझ्याकडे बघून सुचलं होतं. मग खताच्या दुकानाचा आला. मग भांड्यांच्या दुकानाचा. फोटोग्राफर बोर्ड नसताना उगाच बघायला येऊन गेला. पंधरा दिवसांत अकरा बोर्ड परत गेले. सगळे ब्लेडने खरवडलेले, कुठे तीन जागी, कुठे चार. मी माझ्या दुकानाच्या पायरीवरून हातगाड्या जाताना बघायचो. प्रत्येकाला त्यांनी पैसे परत दिले. आणि गावभर एकच बोललं जाऊ लागलं की लिंबाजीचा रंग टिकत नाही. ज्यांना झाल्या गोष्टीचं काही देणंघेणं नव्हतं तेही मग दुसऱ्या पेंटरकडे जाऊ लागले. भरवसा गेला म्हणत होते.

उरलेल्यांनीही पुढे एकेक करून बोर्ड बदलले. एकट्या सोडावाल्याने उतरवला नाही. त्याच्याकडेही माणसं गेली होती. तो म्हणाला, माझा रंग नाही उडाला, उडाला की बघू.

हंगामाचा कापूस मार्केटमध्ये यायच्या आत लिंबाजींचं दुकान बंद झालं. सायकल विकली, शिडी विकली, एवढं ऐकलं. कुठे गेले ते कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणीतरी उलट विचारलं असतं, तुला कशाला पाहिजे.

दुकान चाललं. दुसऱ्या पेंटरकडून बोर्ड करून घेतला. नाव मात्र दुसरं दिलं, पाटपाणी लिहायला सांगवलं नाही. अक्षरं तिरकी होती, गिऱ्हाइकाला त्याचं काही नव्हतं. वायसर परत घ्यायची बोली मी चालू ठेवली. पण एखादा बेअरिंग घेऊन आला आणि म्हणाला, भाऊ, खराब निघालं, की मी आधी बेअरिंगवर ओरखडे शोधायचो. माणूस खोटं बोलतोय असं मला आधी वाटायचं. लिंबाजींना कधीच तसं वाटलं नाही, इतक्या जणांनी फसवूनही. मला मात्र मी एकट्याने फसवलं होतं तेवढं पुरलं.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की पाय आपोआप मार्केटकडे वळायचे. तिथे आता सायकलचं पंक्चर काढायचे. टर्पेंटाइनचा वास कुठून आला की मी उगाच थांबायचो. सोड्याच्या दुकानावर सोडा न पिता उभा राहायचो, बोर्ड बघत. सोडावाल्याला ठाऊक होतं, मला वाटतं. तो गोळीची बाटली पुढे सरकवायचा.

सोळा वर्षं गेली. आबा वारले. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न अखेर सुटला, गावात पोलीस होते, पण दिवस शांततेत गेला. त्यानंतर महिन्याभराने मी एका पंपाच्या तक्रारीसाठी चारठाण्याला गेलो. काम आटोपून स्टँडकडे येताना शाळेची भिंत दिसली. भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत सुविचार लिहिला जात होता. वाचायच्या आधीच पाय थांबले. असं अक्षर मी सोळा वर्षांत एका बोर्डावर सोडून कुठे बघितलं नव्हतं.

स्टुलावर एक म्हातारा माणूस बसून लिहीत होता. केस पांढरे, मान पुढे आलेली. हात तोच.

“लिंबाजीराव,” मी म्हणालो.

त्यांनी वळून बघितलं, डोळे बारीक केले. “सेलूचे भाऊ का?”

हो म्हणालो. त्यांनी पाऊसपाणी विचारलं, मुलंबाळं विचारली. गयाबाईचं माहेर इथलं, म्हणून इकडे आलो म्हणाले. ती तीन वर्षांपूर्वी गेली. हे सांगताना ब्रश थांबला नाही. मी उभाच होतो. एसटीला अजून दहा मिनिटं होती, आणि मला ठाऊक होतं की आज बोललो नाही तर मग नाहीच.

“तुमचा रंग उडाला नव्हता,” मी म्हणालो. “मी ब्लेडने खरवडला होता.”

“ठाव हाय. रंग म्या लावलेला.”

ते अक्षराची कड पुरी करत होते. मी विचारलं, मग बाकीच्यांना का दिले पैसे? त्यांचेही तसेच होते. एकालाही नाही का म्हणाला नाहीत?

त्यांनी ब्रश पाण्यासारखा पातळ रंग असलेल्या डबीत बुडवला, काठाला निथळला.

“तुमाला देऊन बसलो व्हतो. मग त्या किराणावाल्याला खोटा म्हनलो असतो, तर त्यो तुमाकडं बोट दाखवून मोकळा झाला असता. दुकान नवं व्हतं तुमचं. गिऱ्हाईक तुटलं असतं.” कडेचा ओघळ पुसत म्हणाले, “आन नुसतं त्येच न्हाई. न्हाई म्हनलो असतो तर घरावर दगड आला असता. भ्यालो व्हतो म्या. दोन्ही खरं हाय.”

माफ करा हा शब्द तोंडाशी आला होता, पण तो त्यांच्यासमोर ठेवायला फार स्वस्त वाटला. त्यांनीच पुढचं सांगितलं, भिंतीकडे तोंड करून.

“गयानं मातर तुमाला सोडलं न्हाई. मरस्तोवर. ते ब्लेडवालं म्हनायची, नाव घ्यायची न्हाई.”

यावर ते हसले की नाही ते मला दिसलं नाही. स्टँडवर एसटीने हॉर्न दिला. मी तसाच उभा. ऊन उतरत होतं.

“भाऊ, जरा सरका,” ते म्हणाले. “तुमची सावली पडायलीय अक्षरावर. कड दिसंना मला.”

मी बाजूला झालो. त्यांनी एक डोळा मिटला आणि ब्रश भिंतीला टेकवला. मी एसटीत शिरून मागची खिडकी धरली. गाडी वळेपर्यंत ते दिसत होते. स्टूल थोडं पुढे ओढून त्यांनी पुढचं अक्षर घेतलं होतं, आणि त्यांची पाठ माझ्याकडे होती.